प्रतिसादक क्रमांक १७

प्रबंधाच्या पहिल्या काही पानांत एक प्रमाणपत्र असतं. खाली संशोधकाची आणि मार्गदर्शकाची सही, आणि मधे एक आकडा. त्या प्रबंधात आकडा होता ४ टक्के. म्हणजे सॉफ्टवेअरनं इतर लिखाणाशी ताडून पाहिलं, तेव्हा यातला फक्त ४ टक्के मजकूर दुसरीकडे सापडला. इतका कमी आकडा दिसला की मला बरं वाटतं. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे प्रबंध तपासणीला टाकायचे, रंगीत खुणांचा अहवाल काढायचा, कुठली खूण खरी आणि कुठली उगाच उमटलेली हे त्यांच्याशेजारी बसून बघायचं, हे माझं रोजचं काम.

हा प्रबंध आमच्याकडचा नव्हता. एका मुलीला संदर्भ हवे होते म्हणून मी तो संगणकावर उघडला. विषय होता पूर्व विदर्भातल्या आदिवासींची औषधी वनस्पतींची माहिती. तिसऱ्या प्रकरणात लांबच लांब तक्ता होता: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, वापरायचा भाग, उपयोग, माहिती देणारी व्यक्ती. शेवटच्या रकान्यात नुसते क्रमांक होते. पान खाली सरकवताना एका ओळीवर माझा हात थांबला. ‘पान बकरीच्या कानाएवढे झाल्यावरच मूळ खणावे.’ समोर लिहिलं होतं: प्रतिसादक क्र. १७, स्त्री, वय अंदाजे ८०, देवलापार परिसर.

बकरीच्या कानाएवढं पान हे माप जगात एकच बाई वापरते. ती माझी आजी.

आम्ही गोंड. माझं गाव रामटेक तालुक्यात, देवलापारच्या पुढे जंगलाला लागून. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं कन्हान, मनसर, पवनी करत एसटी जाते. आजी अजून तिथंच राहते. बायकांच्या आणि लहान लेकरांच्या दुखण्यांची औषधं ती देते, पैसे घेत नाही. ते मूळ कुठलं, हे मी इथं लिहिणार नाही. आजीनं मला ते सांगितलं, ते लिहायला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी त्या दोन पानांच्या झेरॉक्स घेऊन मी गावी गेले. आजी अंगणात मोहाच्या टोळी फोडत बसली होती. मी तिला ओळ वाचून दाखवली. तिला तो मुलगा लगेच आठवला.

“पोरगा चांगला होता,” ती म्हणाली. “दोन दिवस आला. चहा पेला, भाजी-भाकर खाल्ली. पुन्हा येतो म्हणे.”

मी पुढं वाचलं: मुळाचा काढा सकाळी तीन दिवस द्यावा. तशी आजीच्या हातातला दगड थांबला.

“अन् पोटुशी बाईले देऊ नाई, हे कुठं लिहिलं?”

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी दोन्ही पानं पुन्हा पाहिली.

“मी त्याले अर्धंच सांगतलं होतं,” आजी म्हणाली. “पयल्या खेपेले कोनी पुरं सांगते का? मानूस कसा आहे ते पाहाव लागते. पुन्हा आला असता तं बाकीचं सांगणार होती मी.”

तो पुन्हा आला नाही. त्यानं अर्धं लिहिलं, तक्ता पूर्ण झाला, ४ टक्क्यांचं प्रमाणपत्र लागलं आणि पदवी मिळाली. प्रबंध आता कुणालाही, कुठूनही वाचता येतो. त्या मुलानं चोरी करायची म्हणून केली असं मला वाटत नाही. त्याला जे शिकवलं गेलं ते त्यानं नेमकं केलं. म्हणूनच हा विषय मला एका मुलापुरता सोडवत नाही.

नियम काय आहे, ते थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य यांबाबतचे विनियम काढले. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ, त्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर सुधारित प्रबंध वर्षभर देता येत नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायची नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडून द्यायचं. हे विनियम आले ते बरंच झालं. त्याआधी एकाच्या प्रबंधाची अख्खी प्रकरणं दुसऱ्याच्या प्रबंधात गेलेली आम्ही ग्रंथालयवाल्यांनी पाहिली आहेत.

पण ही मोजपट्टी कागदाला कागद लावून बघते. मराठी प्रबंध जुन्या कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर माझ्या यंत्राला त्यातली अक्षरंच वाचता येत नाहीत. अहवाल कोरा करकरीत येतो. मग जे कधी कागदावर आलंच नाही, जे आजीच्या तोंडात आणि हातात आहे, ते त्याला कुठून दिसणार? माझ्या आजीचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा उचलला, तरी अहवालात साम्य शून्य येतं. नवी माहिती, नवा शोध म्हणून उलट कौतुक होतं.

गंमत नाही, दुःख याचं वाटतं की त्याच विनियमांतली व्याख्या या बाबतीत स्वच्छ आहे. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणं म्हणजे वाङ्मयचौर्य, असं ती म्हणते. ‘किंवा कल्पना’ हे शब्द तिथं आहेत. ती कल्पना छापलेली असली पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. हिस्लॉप कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये टेम्पल रोडवर आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपुरात आला. दगडधोंडे, जीवाश्म, जुनी दफनवर्तुळं आणि गोंडांची भाषा, सगळ्याचा त्याला नाद. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटाकडून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. मागं राहिलेले त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६मध्ये पुस्तकरूपानं छापले. त्यात आमच्या लिंगोची कथा आहे: गोंड गुहेत कोंडले गेले, लिंगोनं त्यांना सोडवलं, त्यांची कुळं पाडून दिली. मूळ गोंडी शब्द रोमन अक्षरांत आणि त्याचा इंग्रजी अर्थ, असं ते छापलेलं आहे. हिस्लॉपनं ती एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली होती.

परधान म्हणजे आमचे पिढीजात कथेकरी. किंगरीवर ते कुळाची आणि देवांची कथा गातात. ही दीर्घ कथा तोंडपाठ असणारा तो माणूस त्या काळी गोंडवनातल्या कुठल्याही पंडितापेक्षा कमी नसणार. पण पुढच्या पुस्तकांतून ती कथा ‘हिस्लॉपनं नोंदवलेली’ म्हणूनच चालत राहिली. एका पत्त्यात हिस्लॉप आणि टेम्पल ही दोन नावं शेजारी शेजारी आली. ज्याच्या गळ्यातून ती कथा निघाली, त्याच्या नावाचा ना रस्ता आहे ना कॉलेज.

हिस्लॉपला मी दोष देत नाही. त्यानं निदान गोंडी शब्द जसेच्या तसे ठेवले, म्हणून आज आम्हाला ते वाचता येतात. पुढं झालं ते जास्त विचार करायला लावणारं आहे. १८७१मध्ये जेम्स फॉर्सिथ नावाच्या कॅप्टननं मध्य भारताच्या डोंगरांवरच्या आपल्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात घातली. त्यासाठी त्यानं लॉंगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’चा छंद घेतला. ‘हायावाथा’ १८५५चं काव्य. ते उभं आहे ओजिब्वे या तिकडच्या मूळनिवासींच्या कथांवर, ज्या स्कूलक्राफ्ट नावाच्या अधिकाऱ्यानं छापल्या होत्या. आणि स्कूलक्राफ्टला त्यातल्या कितीतरी कथा मिळाल्या त्या जेन या त्याच्या बायकोकडून आणि तिच्या माहेरकडून. जेनची आई ओजिब्वे होती, जेन स्वतः कविता लिहायची. पुस्तकं निघाली नवऱ्याच्या नावानं, काव्य गाजलं लॉंगफेलोचं, आणि त्याच चालीत घालून आमच्या परधानाची कथा विलायतेत वाचली गेली. दोन खंडांतली दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष, एकाच छंदाखाली झाकली गेली. हे पहिल्यांदा लक्षात आलं, त्या दिवशी मला ग्रंथालयात बसवेना.

आता कुणी म्हणेल, तोंडी परंपरेत कर्ता कोण हे कुणाला ठाऊक असतं? ती तर सगळ्यांची. हे अर्धं खरं आहे. ती सगळ्यांची असली, तरी कुणीही, कुठंही, कशीही सांगायची नसते. माझ्या लहानपणी आमच्याकडे परधान यायचा. किंगरी जुळवली की आधी तो देवांची नावं घ्यायचा, मग आमच्या कुळाचं, मग ज्याच्याकडून शिकला त्याचं. एकदा त्यानं एका पिढीचं नाव वगळलं, तर कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याला थांबवलं, आणि नाव घालून झाल्यावरच कथा पुढं गेली. विद्यापीठात ज्याला संदर्भ देणं आणि तज्ज्ञांकडून तपासून घेणं म्हणतात, ते मी पहिल्यांदा तिथं पाहिलं, शेणानं सारवलेल्या अंगणात. गडचिरोलीकडे माडिया लोकांत पंडुम नावाचा सण असतो. पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा, नवा मोह तोंडात घालायचा नाही. झाड जंगलात उभं असतं, फळ हाताला येतं, राखण कुणाची नसते, तरी गाव थांबतं. घेण्याआधी विचारायचं, ही शिस्त आमच्या लेकरांना शाळेच्या आधी लागते.

आमच्यातल्या माणसांनी लेखणी हातात घेतली तेव्हा काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. डॉ. मोतीरावण कंगाली रामटेक तालुक्यातलेच, १९४९चा जन्म. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी गोंडी भाषा, व्याकरण आणि लिंगोच्या तत्त्वज्ञानावर पुस्तकं लिहिली, पीएच.डी. केली, गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून ऐकलं. गोंदिया जिल्ह्यातली कचारगडची यात्रा आज माघ पौर्णिमेला लाखोंनी भरते. तिला हे रूप देणाऱ्यांत ते होते. २०१५ साली ते गेले. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचे त्यांचे निष्कर्ष बऱ्याच अभ्यासकांना पटत नाहीत, आणि तो वाद व्हायलाच हवा. पण लिंगोची कथा सांगताना ते सांगणाऱ्यांमधले होते. चुकले तर धरून विचारायला माणसं होती, आणि त्यांना रोज त्याच माणसांत वावरायचं होतं. माझ्या मते सचोटीला याहून मोठा जामीन नाही.

नाव लिहायचं म्हटलं, तर ते कसं लिहायचं? संदर्भ देण्याच्या ज्या पद्धती आम्ही शिकवतो, त्यांतल्या अमेरिकेहून आलेल्या एका फार चालणाऱ्या पद्धतीत तोंडी सांगणं ‘वैयक्तिक संवाद’ या खात्यात जातं. मजकुरात कंसात उल्लेख होतो, शेवटच्या सूचीत जागा मिळत नाही. कुणी पाठवलेलं पत्र आणि ऐंशी वर्षांच्या बाईचं आयुष्यभराचं ज्ञान, दोन्ही एकाच खात्यात. कॅनडात लॉरिसिया मॅक्लाउड या क्री समाजातल्या ग्रंथपाल बाईंना हे खुपलं. त्यांनी सूचीत लिहायचा एक साचा तयार केला आणि २०२१मध्ये त्यावर लेख लिहिला: ज्येष्ठाचं नाव, त्यांचा समाज, ते कुठं राहतात, काय शिकवलं, कधी. पुस्तकाला जसं प्रकाशकाचं गाव असतं, तसं माणसाला त्याची भूमी. माझ्यासारखीच एक ग्रंथपाल हे करते, याचं मला फार बळ आलं.

आपल्या देशातही एक गोष्ट घडली आहे, आणि ती सरळ नाही. १९८७मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांची तुकडी फिरत होती. वाट दाखवणारे कानी आदिवासी एक फळ खात होते आणि थकत नव्हते. फार विनवल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली: आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान संस्थेनं तयार केलं, कोइमतूरच्या एका औषध कंपनीला १० लाख रुपयांना परवाना दिला, विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन ठरलं, आणि या सगळ्याचा निम्मा वाटा कानींना द्यायचं ठरलं. त्यासाठी १९९७मध्ये कानींचा न्यास नोंदला गेला. जगभर याचं उदाहरण देतात. पण कानींमधल्याच काही वैदूंनी विचारलं: हे गुपित त्या वाटाड्यांनी कुणाला विचारून दिलं? हा प्रश्न मला पैशांच्या वाटणीपेक्षा मोठा वाटतो. एकाचा होकार म्हणजे गावाचा होकार नव्हे.

आपल्याकडे याला कायद्याचा आधार आहे, फक्त विद्यापीठात तो शिकवत नाहीत. २००६च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जंगलाच्या हक्कांबरोबर एक हक्क दिला आहे: जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित बौद्धिक संपदा आणि पारंपरिक ज्ञान यांवरचा सामूहिक हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा(लेखा) गावाला याच कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांतलं ते. तिथं ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनं होतो आणि त्याआधी अभ्यासगटात विषय चर्चिला जातो, बाहेरचे जाणकारही त्यात बसतात. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. तिथं गाव हा अभ्यासाचा विषय राहत नाही, गावच अभ्यासाला बसतं. २००२चा जैविक विविधता कायदाही आहे. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. संशोधकानं तिथं जाऊन विचारणं आणि गावी जाऊन ग्रामसभेत विचारणं, दोन्ही एसटीच्या तिकिटात होण्यासारखं आहे.

मी त्या प्रबंधाच्या लेखकाला फोन केला. आता तो कुठंतरी शिकवतो. आधी घाबरला, मग म्हणाला, “मॅडम, नावं लिहायची नाहीत असंच सांगितलं होतं. प्रतिसादकाची ओळख गुप्त ठेवायची असते ना?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलतं, कुणी वनखात्याच्या माणसाबद्दल. तिथं नाव झाकणं हेच इमान. पण जी बाई शिकवते, तिला क्रमांक दिला की ती शिक्षक राहत नाही, नमुना होते. कुठं झाकायचं आणि कुठं लिहायचं, हे तिनं ठरवायचं. त्यासाठी तिला विचारावं लागतं, आणि लिहून झाल्यावर परत जाऊन वाचून दाखवावं लागतं. तो ऐकत राहिला. येतो म्हणाला.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीवर दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आता सक्तीचा आहे. त्यातला एक तास माझ्याकडे असतो. पूर्वी मी त्यात सॉफ्टवेअर कसं वापरायचं तेवढंच दाखवायची. आता अर्धा तास झाला की संगणक बंद करते आणि सांगते, तुमच्या विषयातलं जे तुम्ही कुणाच्या तोंडून शिकलात, त्याची एक ओळ सूचीत लिहायची तशी लिहा. मुलं पेनं हातात घेऊन बसून राहतात. गेल्या खेपेला भिवापूरकडच्या एका मुलीनं मिरचीच्या बियाण्याबद्दल लिहिताना आपल्या आईचं नाव घातलं, मग वर बघून विचारलं, “मॅडम, आईचं नाव चालते का?” मी चालते म्हटलं. ती ओळ तिनं तीनदा नीट काढली.

आजीला मी विचारलं, की मी हे सगळं मासिकात लिहिणार आहे, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, “इथं नको. त्या पुस्तकात पायजे होतं.” म्हणून इथं नाही.

मग तिनं झेरॉक्सचा कागद मागितला. तिला वाचता येत नाही; तिनं ती ओळ कुठली ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

“अन् हे माह्यं नाई,” ती म्हणाली. “माह्या सासूनं शिकवलं मले. तिचं नाव आंधी लिव.”

मी पेन काढलं. पणजीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, १७ या आकड्याच्या वर. खाली आजीचं लिहिलं. गर्भार बाईची गोष्ट लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, तेवढी लिव, ती साऱ्याइले ठाऊक असली पायजे.

बाकीचं अर्धं तिनं मलाही पुरतं दाखवलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. दाखव म्हटलं, तर तिनं कुंपणाकडं पाहिलं.

“आखाडी झाल्यावर ये,” ती म्हणाली. “आता पान लहान आहे.”